इन्सुलेटर, आयसोलेटर, इन्सुलिन: एका बेटावरून आलेले शब्द

विजेच्या सबस्टेशनमध्ये नवीन लागलेल्या मुलाला सुरुवातीच्या दिवसांतच दोन शब्द नीट वेगळे ओळखावे लागतात: इन्सुलेटर आणि आयसोलेटर. कानाला दोन्ही जवळजवळ सारखेच लागतात. कामं मात्र वेगळी. इन्सुलेटर म्हणजे चिनी मातीच्या बशा एकाखाली एक ओवल्यासारखी ती तपकिरी किंवा पांढरी माळ, जिच्यावर चालू लाइन टांगलेली असते. आयसोलेटर म्हणजे दांड्याने किंवा मोटरने उघडणारा स्विच. तो उघडला की लाइनच्या दोन टोकांमध्ये डोळ्यांना दिसेल अशी मोकळी जागा पडते आणि पलीकडचा भाग दुरुस्तीसाठी मोकळा होतो. शेतातल्या डीपीजवळच्या खांबावर असतो तो एबी स्विच याच जातीचा. एअर कंडिशनरशेजारी किंवा सोलर पॅनेलच्या इन्व्हर्टरजवळ भिंतीवर जी छोटी डबी बसवतात, तीही आयसोलेटरच.

एक विजेला कायमचं दूर ठेवतो, दुसरा हवं तेव्हा वेगळं करतो. हे दोन शब्द मुळात एकच आहेत. लॅटिनमध्ये बेटाला ‘इन्सुला’ म्हणतात, आणि दोघांचाही जन्म त्या इन्सुलातून झाला. ‘इन्सुलेट करणे’ आणि ‘आयसोलेट करणे’, दोन्हींचा मूळ अर्थ एकच: बेट करून टाकणे.

मग एकाचे दोन कसे झाले? लॅटिनची इटालियन होताना ‘स’च्या आधीचा ‘न’ हळूहळू गळून गेला. महिना या अर्थाचा ‘मेन्सिस’ इटालियनमध्ये ‘मेसे’ झाला, नवरी या अर्थाची ‘स्पोन्सा’ ‘स्पोझा’ झाली, तसंच ‘इन्सुला’चं ‘इझोला’ झालं. इझोलावरून ‘इझोलातो’ म्हणजे बेटासारखा एकटा पडलेला. तो शब्द फ्रेंचांनी ‘इझोले’ असा उचलला आणि तिथून अठराव्या शतकात तो इंग्रजीत शिरून ‘आयसोलेटेड’ बनला. पण त्याच्या कितीतरी आधी, सोळाव्या शतकातच, इंग्रजीने पंडितांच्या लॅटिनमधून थेट ‘इन्सुलेट’ घेतला होता, आणि तेव्हा त्याचा अर्थ अक्षरशः एखाद्या जमिनीचं बेट करणं असा होता. म्हणजे एकच माल इंग्रजीत दोनदा आला, एकदा पोथीतून आणि एकदा बाजारातून. दोन्ही टिकले, आणि टिकले म्हणून त्यांच्यात कामाची वाटणी झाली.

ही वाटणी इंग्रजीची खासियत आहे. इटालियन माणूस तारेवरच्या रबराला आणि रुग्णाला वेगळं ठेवण्याला ‘इझोलामेंतो’ हा एकच शब्द वापरतो. जर्मन इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी ‘इझोलीरबांट’ असते. स्पॅनिशमध्ये बेट म्हणजे ‘इस्ला’, त्यावरून ‘आइस्लार’. त्या एका क्रियापदात तार, घर, रोगी आणि कैदी सगळे बसतात. आपल्याकडे हे शब्द इंग्रजीतून आले म्हणून जोडीनेच आले.

आणि इंग्रजीत बेटाला जो नेहमीचा शब्द आहे, ‘आयलंड’, तो या घरातला नाहीच. तो अस्सल जुना जर्मानिक शब्द, पाण्यातली जमीन अशा अर्थाचा, आणि त्याच्या स्पेलिंगमध्ये पूर्वी ‘एस’ नव्हता. इन्सुलातूनच आलेला ‘आइल’ हा शब्द शेजारी दिसू लागला, तेव्हा लोकांना वाटलं हे दोघे भाऊ असणार, आणि त्यांनी पंधराव्या-सोळाव्या शतकात आयलंडमध्ये एक ‘एस’ घुसवला. तो कधी उच्चारला गेला नाही. शाळेत ज्यांनी ज्यांनी त्या मुक्या अक्षरावरून मार्क घालवले, त्यांच्या हाती हे कारण आधी द्यायला हवं होतं.

आता आपल्याकडचं बेट पाहू. संस्कृतातलं ‘द्वीप’ म्हणजे ‘द्वि’ अधिक ‘अप्’: दोन्हीकडे पाणी असलेलं. या ‘अप्’चा ‘ईप’ कसा होतो यासाठी पाणिनीने अष्टाध्यायीत वेगळं सूत्रच दिलं आहे, आणि त्याच सूत्राने ‘समीप’ आणि ‘प्रतीप’ हे शब्दही सिद्ध होतात. प्रतीप म्हणजे पाण्याच्या प्रवाहाविरुद्ध, म्हणून उलटा. समीप म्हणजे जवळचा. एकाच पाण्यातून ‘वेगळं पडलेलं’ आणि ‘जवळ असलेलं’ असे दोन्ही शब्द निघावेत, हे मला फार सुंदर वाटतं. दीवचं नाव द्वीपवरूनच पडलं, लक्षद्वीप तर उघडच आहे. ‘द्वीपकल्प’ म्हणजे जवळजवळ बेट. लॅटिनमध्येही ‘पेनिन्सुला’ म्हणजे ‘पेने’ अधिक ‘इन्सुला’, जवळजवळ बेटच. आणि लॅटिन इन्सुला पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यालाही लागली होती: पोर्तुगीजमध्ये तिचं ‘इल्या’ होतं, आणि गोव्यातल्या तिसवाडी तालुक्याचं पोर्तुगीज काळातलं नाव ‘इल्यास’, म्हणजे बेटं, हेच होतं. मांडवी, झुआरी आणि कुंभारजुव्याच्या कालव्याने वेढलेल्या त्या भागाला दुसरं काय म्हणणार?

मराठी ‘बेट’ या शब्दाला मात्र पाणी लागतंच असं नाही. आपण बांबूचंही बेट म्हणतो. मोकळ्या रानात दाटीने, स्वतःपुरतं उभं राहिलेलं ते झुबकं म्हणजे बेट. रोमन लोकांनीही नेमकं असंच केलं होतं. रोम शहरात ‘इन्सुला’ म्हणजे चारी बाजूंनी रस्ते असलेली भाड्याची बहुमजली इमारत. खाली दुकानं, वर एकावर एक खोल्या, जितकं वर जाल तितके गरीब भाडेकरू. या इमारती पडायच्या आणि जळायच्या. ऑगस्टस बादशहाने त्यांची उंची ७० फुटांपर्यंत मर्यादित केली. इ.स. ६४ च्या मोठ्या आगीनंतर नीरोने जे बांधकामाचे नियम केले, त्यात एक असा होता की शेजारच्या दोन इमारतींची भिंत सामाईक नको, प्रत्येकीला स्वतःच्या भिंती हव्यात. आग एका घरातून दुसऱ्यात जाते ती लागून असलेल्या भिंतीतून. म्हणून घराला बेट म्हटलं तर ते चारी बाजूंनी बेट असलं पाहिजे.

या शब्दांत मला महत्त्वाचं वाटतं ते हे ‘चारी बाजूंनी’. मराठीत आपण इन्सुलेटरला ‘विद्युतरोधक’ म्हणतो. शब्द चांगला आहे, रुळला आहे. पण रोधक म्हटलं की डोळ्यांसमोर येतो आडवा घातलेला बांध, एका बाजूने अडवणारा. इन्सुलेशनचं तसं नसतं. तिन्ही बाजूंना पाणी आणि एका बाजूला चिंचोळी जमीन असली, तर ते बेट नव्हे, द्वीपकल्प; आणि त्या चिंचोळ्या पट्टीवरून सगळं सैन्य आत येऊ शकतं. वायरिंगमध्ये एखाद्या सांध्यावर टेप कमी पडली की अख्ख्या वायरवरचं आवरण फुकट गेलं, ते यामुळे.

विजेच्या बाबतीत ही गोष्ट पहिल्यांदा कशी उमगली, ती हकिकत सांगण्यासारखी आहे. स्टीफन ग्रे हा इंग्लंडमधला रंगारी. कापड रंगवून पोट भरलेला, उतारवयात धर्मादाय घरात राहणारा माणूस. १७२९ च्या उन्हाळ्यात तो केंटमधल्या ओटरडेन इथे ग्रॅनव्हिल व्हीलर या आपल्या मित्राच्या घरी गेला. तोपर्यंत त्याला इतकं कळलं होतं की काचेची नळी घासली आणि तिला सुतळी जोडली, तर सुतळीच्या दुसऱ्या टोकाला बांधलेली हस्तिदंताची गोळीही पिसं ओढू लागते. म्हणजे घासण्यातून जे काही तयार होतं, ते सुतळीतून प्रवास करतं. किती लांब करेल, हे दोघांना बघायचं होतं.

सुतळी लांबवायची तर तिला मधे मधे टेकू हवा. व्हीलरने सुचवलं की रेशमाच्या दोऱ्यावर टांगू. विचार असा की रेशीम बारीक, तेव्हा त्याच्यातून फार थोडं वाया जाईल. प्रयोग जमला. अंतर वाढवत गेले आणि सुतळीच्या वजनाने रेशीम तुटलं. मग त्यांनी तितकीच बारीक पण मजबूत अशी पितळेची तार लावली. नळी कितीही घासली तरी गोळी ढिम्म. एक पीस हलेना. पितळेच्या तारेतून सगळं भिंतीत आणि तिथून जमिनीत निघून जात होतं. प्रश्न बारीकपणाचा नव्हताच, रेशीम ‘रेशीम’ असण्याचा होता. जगातले पदार्थ विजेच्या दृष्टीने दोन जातींचे आहेत, वाहून नेणारे आणि न नेणारे, हे त्या तुटलेल्या दोऱ्याने दाखवलं. पुन्हा रेशीम लावून त्यांनी शेकडो फुटांपर्यंत मजल मारली. पुढच्या वर्षी ग्रेने एका मुलाला रेशमी दोऱ्यांवर आडवा टांगून त्याच्या अंगात वीज भरून दाखवली. १७३१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक सुरू केलं, ते पहिल्यांदा मिळालं या रंगाऱ्याला.

त्यानंतरच्या दशकांत युरोपभर विजेचे प्रयोग करणारी माणसं मेणाच्या जाड वडीवर किंवा काचेच्या पायांच्या चौरंगावर उभी राहू लागली. जमिनीशी संबंध तुटलेला, भोवती नुसती हवा. या अवस्थेला नाव हवं होतं आणि ‘इन्सुलेटेड’ हा शब्द तयारच होता. पृथ्वी हा समुद्र, आणि मेणावरचा माणूस हे बेट.

तांब्याच्या अणूतले बाहेरचे इलेक्ट्रॉन सैल असतात, ढकललं की पुढच्या अणूकडे सरकतात. हे सरकणं म्हणजे विजेचा प्रवाह. चिनी माती, काच, रबर, पीव्हीसी यांच्यात ते आपापल्या जागी घट्ट धरलेले असतात. पण ही पकड अमर्याद नसते. विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, फार वाढवला की इलेक्ट्रॉन उपटून निघतात आणि रोधकातूनच वाट पडते. कोरड्या हवेचं उदाहरण घेतलं तर साधारण दर मिलिमीटरला ३ हजार व्होल्टच्या आसपास ती हार मानते आणि ठिणगी पडते. म्हणून इन्सुलेटर ‘आहे किंवा नाही’ असा नसतो, तो अमुक दाबापर्यंत असतो. टॉवरवरची माळ म्हणूनच लांबत जाते: १३२ केव्हीच्या (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) लाइनवर साधारण ९-१० बशा, २२० केव्हीवर १४ च्या आसपास, ४०० केव्हीवर २३ च्या आसपास. पुढच्या वेळी एसटीतून जाताना चिनी मातीच्या बशा मोजल्या तर डोक्यावरून किती दाबाची वीज चालली आहे याचा अंदाज घरबसल्या नाही तरी गाडीबसल्या येईल.

बशीचा आकारही नीट बघण्यासारखा. वरून घुमट, खालून कंगोरे. पाऊस वरच्या बाजूवरून ओघळून जातो, खालचे कंगोरे कोरडे राहतात. शिवाय विजेला पृष्ठभागावरून सरपटत खांबापर्यंत जायचं असेल तर त्या सगळ्या चढउतारांवरून जावं लागतं, म्हणजे सरळ रेषेपेक्षा कितीतरी लांबचा रस्ता. बशीच्या आरपार वीज सहसा जात नाही. ती जाते तिच्या अंगावरून. उन्हाळाभर बशांवर धूळ बसते, कोकणात त्यात खाऱ्या वाऱ्याचं मीठ मिसळतं. कोरडी असते तोवर ती निरुपद्रवी. जूनमध्ये पहिली हलकी सर आली, की त्या धुळीचा ओला, मीठ विरघळलेला थर होतो, आणि बेटाला किनाऱ्याशी जोडणारी वाट तयार होते. त्यात उन्हात तापलेली चिनी माती गार पाण्याने तडकते, त्या बारीक तड्यात पाणी शिरतं. पहिल्या पावसाला वीज जाते म्हणून आपण चिडतो; बऱ्याचदा त्या वेळी कुठला तरी वायरमन भर पावसात खांबाखांबावर एक तडकलेला कप, म्हणजे छोटा इन्सुलेटर, शोधत असतो. धो धो पाऊस पडू लागला की बशा धुऊन निघतात आणि हा त्रास उलट कमी होतो.

एका चुकार जागेने काय होतं याचा सगळ्यात महागडा धडा समुद्राच्या तळाशी मिळाला. तारायंत्राची तार पाण्याखालून न्यायची तर तिच्यावर टिकाऊ आवरण हवं. ते मिळालं मलाया भागातल्या गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकात: गरम केला की मऊ, थंड पाण्यात घट्ट, आणि समुद्रात कुजत नाही. १८५८ च्या ऑगस्टमध्ये आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिकखालून अशी पहिली केबल जोडली गेली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला सुमारे १६ तास लागले. संदेश इतके मंद येतात म्हणून वाइल्डमन व्हाइटहाउस या तंत्रप्रमुखाने दाब वाढवत नेला, सुमारे २ हजार व्होल्टपर्यंत. गटापर्चाचा थर काही ठिकाणी आधीच खराब होता, तांब्याची तार मध्यभागी न राहता एका बाजूला सरकली होती. शेकडो मैल आवरण शाबूत असून उपयोग नव्हता. तीन आठवड्यांत केबल मुकी झाली. १८६६ मध्ये ग्रेट ईस्टर्न या अवाढव्य जहाजाने टाकलेली केबल टिकली, आणि त्याच जहाजाने १८७० मध्ये मुंबई ते एडन केबल टाकली. त्या वर्षापासून मुंबई समुद्राखालून लंडनशी बोलू लागली.

उष्णतेच्या बाबतीतही हाच न्याय चालतो. गोधडीची ऊब कापडात कमी आणि थरांमध्ये अडकलेल्या हवेत जास्त असते, आणि खांद्यापाशी फट राहिली की रात्रभर गारठा तिथूनच येतो.

माणसांना वेगळं ठेवण्याची रीत तर खऱ्याखुऱ्या बेटांशीच जोडलेली आहे. एड्रियाटिक समुद्रावरच्या रागुसा शहराने, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकने, १३७७ मध्ये ठरवलं की प्लेगग्रस्त भागांतून आलेल्यांनी शहरात शिरण्याआधी ३० दिवस बाहेर थांबायचं, आणि त्यासाठी नेमलेल्या जागांत जवळचं एक ओसाड बेटही होतं. व्हेनिसने १४२३ मध्ये खाडीतल्या एका बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठी कायमचं रुग्णालय उभारलं आणि १४६८ मध्ये आणखी एका बेटावर संशयितांसाठी वेगळी जागा केली. तिथे थांबण्याची मुदत पुढे ४० दिवसांची झाली. इटालियनमध्ये चाळीस म्हणजे ‘क्वारांता’, त्यावरून क्वारंटाईन. दोन बेटं दोन कामांसाठी होती, आणि आजही वैद्यकात तोच भेद पाळतात: आजारी माणसाला वेगळं ठेवणं हे आयसोलेशन, आणि अजून धडधाकट दिसणाऱ्या पण संसर्ग झाला असेल अशा माणसाला ठेवणं हे क्वारंटाईन. २०२० मध्ये आपल्याकडे त्यासाठी विलगीकरण आणि अलगीकरण असे दोन शब्द आले, पण बातम्यांत आणि बोलण्यात ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरले गेले. त्यात लोकांचा दोष नाही. ‘विलग’ आणि ‘अलग’ दोन्हींच्या पोटात ‘लागणे’ हीच क्रिया आहे. न लागलेला, सुटलेला, एवढाच दोघांचा अर्थ, मग फरक लक्षात राहणार कशाने?

घरोघरच्या फ्रिजमध्ये असलेलं इन्सुलिनही याच कुळातलं. १८६९ मध्ये पॉल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंडात पेशींचे निराळे पुंजके दिसले. पाचकरस बनवणाऱ्या पेशींच्या समुद्रात हे छोटे छोटे पुंजके सुटे सुटे विखुरलेले. पुढे त्यांना ‘लँगरहॅन्सची बेटं’ असं नाव पडलं. त्यांतून रक्तातली साखर सांभाळणारं काहीतरी स्रवत असणार असा तर्क झाला, आणि ते द्रव्य हाती लागण्याआधीच १९०९ मध्ये बेल्जियमच्या झां द मेयरने त्याचं नाव लॅटिन बेटावरून ‘इन्सुलिन’ ठेवून टाकलं. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी ते प्रत्यक्ष मिळवलं. बँटिंग त्याला ‘आयलेटिन’ म्हणत होता, इंग्रजी बेटावरून. शेवटी लॅटिन बेट जिंकलं.

विजेकडे परत यायचं ते एका मुंबईच्या गोष्टीसाठी, कारण तिथे हा शब्द पुन्हा मूळ अर्थाने वापरात आला आहे. वीजक्षेत्रात ‘आयलंडिंग’ नावाची एक व्यवस्था असते. मोठ्या ग्रिडमध्ये, म्हणजे वीजकेंद्रं आणि लाइन्सच्या जोडलेल्या जाळ्यात, बिघाड होऊन सगळीकडे अंधार पसरू लागला, तर एखाद्या शहराने क्षणार्धात ग्रिडशी असलेले सगळे धागे तोडायचे आणि स्वतःच्या वीजकेंद्रांवर जगायचं. मुंबईसाठी अशी व्यवस्था १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. ट्रॉम्बे (तुर्भे) आणि डहाणूची केंद्रं तिचा आधार. सात बेटं जोडून झालेल्या शहराचं संकटकाळी पुन्हा बेट करायचं.

१२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी पडघे आणि कळव्याच्या बाजूच्या ४०० केव्ही लाइन्स बंद पडल्या आणि १० च्या सुमारास मुंबई काळोखात गेली. लोकल जिथल्या तिथे थांबल्या. बेट झालं नाही, म्हणजे टिकलं नाही. कारण तोडणं हा सोपा भाग आहे. तोडल्यानंतर आतली निर्मिती आणि आतली मागणी त्याच क्षणी जुळावी लागते. मागणी जास्त भरली की जनरेटर मंदावतात, विजेची ५० हर्ट्झची वारंवारता, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं, घसरू लागते, आणि यंत्रं स्वतःला वाचवण्यासाठी एकामागून एक बंद होतात. त्या सकाळी शहर बाहेरून येणाऱ्या विजेवर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून होतं. म्हणून आयलंडिंगच्या आराखड्यात सर्वांत काळजीपूर्वक ठरवायची गोष्ट असते ती कुठले फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज पुरवणाऱ्या लाइन्स, आधी सोडून द्यायचे याची. वारंवारता ठरावीक आकड्याखाली गेली की रिले नावाची राखणदार उपकरणं आपोआप एकेक भाग तोडत जातात, रुग्णालयं आणि रेल्वेसारखे भाग शक्यतो शेवटपर्यंत राखून. त्यानंतर शहरात बाहेरची वीज आणण्याचे रस्तेही वाढवले गेले. खारघर ते विक्रोळी ही ४०० केव्हीची लाइन २०२३ मध्ये सुरू झाली. त्याने शहर ग्रिडशी अधिक घट्ट जोडलं गेलं, पण आत किती वीज तयार व्हावी हा प्रश्न लाइनने सुटत नाही, आणि बेट करायची वेळ आलीच तर आधी तोच विचारला जाईल.